गुलाबी कार्डाचं वय

माझी भाची संगणकाच्या कामात आहे. परवा घरी आली तेव्हा मांडीवरचा लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाली, "मावशी, बघ, आज काय मस्त जमलंय." तिने एक छोटासा प्रोग्राम लिहिला होता. दोन ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचे डबेच म्हणा, समोर ठेवायचे. प्रोग्राम त्या दोघांनाच विचारतो, तुमच्या पोटात काय काय आहे आणि त्याची नावं काय. ज्यांची नावं जुळतात ते सगळं पहिल्यातून उचलून दुसऱ्यात ठेवतो. या विचारपुशीला रिफ्लेक्शन म्हणतात, हे तिने मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. एकेक ओळ हाताने लिहायची कटकट नाही, पंचवीस ओळींचं काम चार ओळींत.

"आणि जे जुळत नाही त्याचं काय?" मी विचारलं.

"ते राहतं तसंच."

"तसंच म्हणजे? रिकामं, की आधीचं काही पडलेलं असेल ते?"

"मावशी, तू ना, कशाचा म्हणून आनंद होऊ देत नाहीस," ती म्हणाली आणि तिने लॅपटॉप मिटला.

तिचं खरं आहे. पण हाच प्रश्न मी सव्विसाव्या वर्षी स्वतःला विचारला असता, तर एका माणसाचे चार महिने वाचले असते. तिला मी ती गोष्ट सांगितली नाही. इथे लिहिते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आमचं कार्यालय सीताबर्डीच्या बाजारापासून पायी दहा मिनिटांवर. नाव सांगत नाही, आता ते त्या रूपात उरलेलंही नाही. मोठमोठे पाण्याचे पंप बसवायचे आणि नादुरुस्त झाले की उघडून पुन्हा चालते करायचे, हे आमच्या लोकांचं काम. दुरुस्तीचं वर्कशॉप कळमेश्वरच्या रस्त्यावर होतं. आणि पहिल्या मजल्यावर, काचेच्या दोन दारांमागे, आमचा कॉम्प्युटर होता. सगळ्या इमारतीत गार हवा तेवढ्या एका खोलीत. मे महिन्यात कुणाला ना कुणाला आमच्याकडे काहीतरी तातडीचं काम निघायचंच. आत धूळ जायला नको म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत, आणि चपला काढल्या की आमच्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात. शिपाई रोज सकाळी, माहितीच्या टेप फिरत त्या कपाटांना नमस्कार करून फरशी पुसायला घेई. मला त्याचं हसू येई.

मला तेव्हा बऱ्याच गोष्टींचं हसू येई. गणितात एम.एस्सी. झालेली, मुंबईला जाऊन कोबोल ही कॉम्प्युटरची भाषा शिकून आलेली, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांत एकटी बाई. नाकावर माशी बसू देत नव्हते. घरी आई म्हणायची, हिला उत्तर द्यायला हिच्याचसारखी हवी. मला ते कौतुक वाटे.

त्या वर्षी कर्मचाऱ्यांची सगळी माहिती, भोकं पाडून नोंदी केलेल्या पंचकार्डांवरून टेपवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. कार्डं दोन रंगांची होती. शाळेचा दाखला असलेल्यांची पांढरी. त्यांच्यावर जन्मतारीख असे. ज्यांनी शाळा पाहिलीच नाही त्यांची गुलाबी. नोकरीला लागताना डॉक्टरांनी चेहरा, दात वगैरे पाहून जे वय लिहिलं असेल ते आणि रुजू झाल्याची तारीख, एवढंच गुलाबी कार्डावर असे. सगळी कार्डं नोकरीच्या नंबराप्रमाणे एकत्र लावलेली, दोन पांढरी मग एक गुलाबी, मग पुन्हा पांढरी, अशी.

कार्डावरचा एकेक रकाना टेपच्या नव्या नोंदीत न्यायचा तर एकेक आज्ञा लिहायची. नाव हलव, नंबर हलव, हुद्दा हलव. कंटाळवाणं काम. पण कोबोलमध्ये एक सोय होती, मूव्ह करस्पाँडिंग. दोन नोंदी पुढे करायच्या आणि सांगायचं, ज्यांची नावं सारखी असतील ते सगळं उचलून ने. भाचीच्या रिफ्लेक्शनची आजीच म्हणा ना. फरक एवढाच की या आजीच्या वेळी जुळवाजुळव प्रोग्राम चालायच्या आधीच होऊन जाई. पानभर आज्ञांच्या जागी मी दोन ओळी लिहिल्या, एक पांढऱ्या कार्डासाठी, एक गुलाबी कार्डासाठी. आमच्या साहेबांनी तो कागद इतर प्रोग्रामरना दाखवला. "बघा, याला म्हणतात डोकं." आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

पहिली शंभर कार्डं चालवून पाहिली. सगळं चोख. पहिले शंभर नंबर अधिकारी आणि कारकून यांचे होते, म्हणजे सगळी कार्डं पांढरी, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. बाकीची हजारो कार्डं मी तशीच घातली.

नवीन टेपवरून पहिली यादी निघाली ती निवृत्तीची. जूनअखेर ज्यांना अठ्ठावन्न पूर्ण होतात त्यांना जानेवारीतच नोटिसा जात. यादीत बहुतेकांची जन्मतारीख एक जुलै. यात आमच्याकडे कुणालाच नवल वाटत नसे. शाळा उघडल्या की बाप पोराला घेऊन यायचा, तारीख त्याला ठाऊक नसायची आणि मास्तर एक जुलै लिहून मोकळा व्हायचा. यादी तपासणारे हेडक्लार्क हसले. "आपल्या इकडं समदे एक जुलैलेच पैदा होतात." एका स्टोअरकीपरचं नाव आणि त्याच्याच खाली वर्कशॉपच्या एका फिटरचं नाव, दोघांची तारीख तीच, सालही तेच. त्यांनी दोन्हीपुढे बरोबरची खूण केली आणि सही ठोकली.

तो फिटर फेब्रुवारीच्या शेवटी माझ्याकडे आला. त्या सकाळी प्रिंटरमध्ये कागद तिसऱ्यांदा अडकला होता आणि मी चिडलेली होते. बारीक, काळासावळा माणूस, नखांत ग्रीस. चपला बाहेर काढून काचेच्या दारातच उभा राहिला.

"मॅडम, एक विचारू का जी?"

"विचारा."

"मले रिटायरची नोटीस आली. जून अखेरची. त्याचं काही नाही म्हणत मी. पण माहा मोठा भाऊ त्याच वर्कशॉपात आहे. त्याले आणखी आठ वर्षं बाकी आहेत. तो मोठा, मी लहान. मंग मी त्याच्या आधी कसा काय रिटायर होऊन राहिलो?"

"तुमची जन्मतारीख काय?"

"ते नाही मालूम जी. भाऊ शाळेत गेला, चवथीपर्यंत. मी ढोरं राखली."

"तारीख तुम्हाला माहीत नाही, मग ती चुकीची आहे हे कसं माहीत?"

माझ्या मते हा फार बिनतोड प्रश्न होता.

"तारीख नाही मालूम. पण भाऊ मोठा आहे हे तं मालूम आहे ना जी. त्याचेच जुने सदरे घालून मी मोठा झालो."

मी हातातला फाटका कागद टेबलावर आपटला. "हे बघा, हे मशीन आहे. मशीन चुकत नाही. जन्माचा दाखला असेल तर घेऊन या, मग बघू."

त्याने माझ्या मागे फिरणाऱ्या टेपकडे पाहिलं. मग हात जोडले, मला की मशीनला कोण जाणे. "मशीनच म्हणते तं मंग काय," असं म्हणून तो चपला घालून गेला. मी पुन्हा प्रिंटरकडे वळले.

सदऱ्याची गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. माझ्या धाकट्या बहिणीने माझेच फ्रॉक घातलेत. त्यावरून तिचा माझ्यावर राग आहे, अजूनही आहे. जगातला कुठलाही दाखला दाखवला तरी ती माझ्याहून मोठी आहे हे मी ऐकून घेतलं नसतं. चौथ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले आणि त्याचं कार्ड काढलं. गुलाबी. वय अंदाजे बावीस. रुजू होऊन चोवीस वर्षं झालेली. म्हणजे माणूस शेहेचाळीसचा. आणि कार्डावर जन्मतारखेचा रकानाच नाही.

मग टेपवर तारीख आली कुठून?

मी त्याच्या आधीचं कार्ड काढलं. पांढरं, त्या स्टोअरकीपरचं. एक जुलै, तेच साल. पंगतीत एकाचं जेवण झाल्यावर ताट न धुता त्यातच दुसऱ्याला वाढावं, तसं मी केलं होतं. नवी नोंद तयार करायची जागा एकच होती. स्टोअरकीपरची नोंद तिथे तयार झाली आणि टेपवर गेली, पण जागा मी पुसली नव्हती. मग फिटरचं कार्ड आलं. त्याचं नाव जुळलं, ते आलं. नंबर जुळला, तोही आला. जन्मतारीख त्याच्याकडे नव्हतीच, म्हणून ती कुणी हलवली नाही आणि स्टोअरकीपरची होती तीच खाली राहिली. ना मशीन अडलं, ना कुठे इशारा छापून आला. मी जे सांगितलं तेच त्याने केलं होतं. प्रत्येक गुलाबी कार्डाचं असंच झालं होतं. प्रत्येकाला आधीच्या कुणाची तरी तारीख चिकटली होती. त्या तारखेमुळे निवृत्तीच्या नोटिशीत सापडलेला हा पहिला.

जागा पुसायची एक ओळ घालायला मला अर्धं मिनिट लागलं. ती ओळ मी शिकले नव्हते असं नाही. मला ती नको होती, कारण दोन ओळींच्या प्रोग्रामचं कौतुक झालं होतं आणि दोनाच्या तीन ओळी दिसल्या असत्या.

दुपारी मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. साहेब सज्जन होते, आणि फार सावध होते. त्यांनी माझी टिपणी वाचली, "माझी चूक" हे शब्द लाल पेनने खोडले आणि वर "तांत्रिक त्रुटी" असं लिहिलं. "अहो, आत्ता कुठे लोक मशीनवर विश्वास ठेवायला लागलेत. तुमचंही नाव यात कशाला? आणि एक करा, तारीख दुरुस्तीची ऑर्डर निघेपर्यंत त्या माणसाला काही बोलू नका. मुख्यालयातून मंजुरी यायची आहे. नाही आली तर आपण तोंडघशी पडू."

मी हो म्हणाले. नाइलाजाने म्हणाले असं लिहायचा मोह होतोय, पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

मार्च गेला, एप्रिल गेला. फाईल टेबलाटेबलावरून फिरत होती. मी दर सोमवारी साहेबांना विचारी, ते म्हणत, "निघेल, निघेल." मे महिन्यात एका संध्याकाळी सीताबर्डीला कूलरसाठी वाळा घ्यायला गेले होते. बसथांब्यावर तो फिटर उभा होता, शेजारी नवी कोरी लोखंडी पेटी. मला पाहून त्यानेच आधी नमस्कार केला.

"पेटी घेतली जी. क्वार्टर सोडाव लागते ना. सामान गावी न्याव म्हटलं थोडं थोडं."

"अजून तर महिना आहे," मी म्हणाले.

"हो जी. पण पाने-हातोडे पुसून, तेल लावून ठेवले. जमा करतो आता स्टोअरात. चोवीस वर्षांचे आहेत, घाण कसे देऊ?" मग हळूच म्हणाला, "पोरगी यंदा दहावीत जाते. गावाकडं शाळा सातवीलोकच आहे. तिचंच तेवढं वाईट वाटते."

"तुम्ही अर्ज नाही केला?"

"कोणाले करू जी? मशीनले?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं मला, की सामान हलवू नका, तुमची तारीख चुकली आहे. जिभेवर आलं होतं. त्याची बस आली, त्याने पेटी खांद्यावर घेतली आणि मी बाजूला सरकून त्याला वाट करून दिली. घरी जाऊन मी वाळ्याची ताटी बांधली, पाणी मारलं आणि जेवले नाही. आईने काय झालं विचारलं तर तिच्यावरच खेकसले. आयुष्यात मी बऱ्याच जणांना लागेल असं बोलले आहे. त्याची फार लाज वाटत नाही. त्या दिवशी बोलले नाही, त्याची वाटते.

ऑर्डर निघाली जूनमध्ये, निवृत्तीला नऊ दिवस उरलेले असताना. त्यात कारण लिहिलं होतं, तांत्रिक त्रुटी. नियमाप्रमाणे वयावरून साल काढलं, आणि दिवस-महिना द्यायलाच हवा म्हणून तो दिला एक जुलै. त्याचे पाने-हातोडे त्याला स्टोअरातून परत मिळाले. मुलीचं नाव शाळेतून काढायचं राहिलं होतं, ते राहूनच गेलं. हे सगळं मला हेडक्लार्ककडून कळलं. आता त्याला जाऊन सांगायची गरजच काय, अशी मी स्वतःची समजूत काढली.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये लेथची, पान्यांची पूजा होते. आमच्याकडे शिपायाने कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला होता आणि टेपच्या प्रत्येक कपाटाला कुंकवाचं बोट लावलं होतं. नारळ आत फोडायला साहेबांची मनाई. दुपारी काचेच्या दारात दोन माणसं आली. एक तो फिटर, धुतलेला सदरा घालून, हातात पिशवी. मागे त्याच्याहून थोराड, पिकल्या मिशांचा एक माणूस. हा कोण हे विचारायची गरज नव्हती, चेहरा तोच होता. तरी फिटरने सांगितलं, "हा माहा मोठा भाऊ जी," आणि 'मोठा' म्हणताना माझ्याकडे पाहून हसला.

दोघांनी जिन्याच्या पायरीवर नारळ फोडला. मग आत येऊन त्याने पिशवीतून झेंडूची माळ काढली. घरच्या अंगणातली फुलं असावीत, लहानमोठी होती, आणि मुलीने ओवली आहे असं तो म्हणाला. आधी त्याने भावाला पुढे केलं. भावाने माळेला हात लावला, मग याने ती टेपच्या कपाटावर वाहिली. डोळे मिटून हात जोडले आणि पुटपुटला, "तूच नेलं, तूच वापस देल्लं बाबा."

मी खुर्चीतून उठले. साहेब त्यांच्या केबिनमध्ये होते, दार उघडं होतं. ऐकू जाईल हे मला ठाऊक होतं.

"त्याला नका हात जोडू," मी म्हणाले. "त्याने काही केलं नाही. चूक माझी होती."

दोघेही माझ्याकडे पाहायला लागले.

"तुमच्या कार्डावर जन्मतारीख नव्हती. आधीच्या माणसाची तारीख तुमच्या नावावर राहिली, कारण मी ती पुसली नाही. मशीनला जेवढं सांगितलं तेवढं त्याने केलं. तुम्ही येऊन गेलात त्यानंतर चार दिवसांनी मला हे कळलं. सीताबर्डीला तुम्ही पेटी घेऊन भेटलात तेव्हाही माहीत होतं. तेव्हाही मी बोलले नाही."

तो रागावेल, निदान भाऊ तरी रागावेल, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मला ते हवंच होतं. भावाने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने बोटांवर महिने मोजले. मग पुढे झाला, कपाटावरची माळ दोन्ही हातांनी उचलली, घडी घालावी तशी गुंडाळली आणि पुन्हा पिशवीत ठेवली.

"असं काहून नाही सांगितलं, मॅडम?" तो म्हणाला. "माणसाची चूक आहे म्हटलं असतं, तं मी पयल्याच दिवशी भांडलो असतो."